जुने कायदे, नवी जिल्द

१ सप्टेंबर २०२५ पासून आपल्या देशात ‘आप्रवासन आणि विदेशी नागरिक कायदा’ लागू झाला. नाव जड असलं तरी गोष्ट सोपी आहे. परदेशातून कोण येतो, किती दिवस राहतो, नोंद कुठे करतो हे पाहणारे चार कायदे आजवर वेगवेगळे होते. १९२० चा पासपोर्टचा, १९३९ चा विदेशी लोकांच्या नोंदणीचा, १९४६ चा त्यांच्यावरच्या नियंत्रणाचा आणि २००० चा, कागदपत्रांशिवाय प्रवासी आणणाऱ्या वाहतूक कंपन्यांना जबाबदार धरणारा. आता या चौघांचा एकच कायदा झाला.

हे व्हायलाच हवं होतं. पहिले तीन कायदे इंग्रजी अमदानीतले. चार पुस्तकं चाळून आपले हक्क आणि जबाबदाऱ्या शोधणं सामान्य माणसाला कसं जमावं? शिवाय देशाला आपली वेस राखावीच लागते. गावालाही वेस असतेच की.

पण जुनं सामान नव्या कपाटात लावताना एकेक वस्तू पारखून घ्यावी लागते. १९४६ च्या कायद्यात एक कलम होतं. एखादा माणूस विदेशी आहे की नाही असा प्रश्न निघाला, तर आपण विदेशी नाही हे त्यानंच सिद्ध करायचं. ते कलम नव्या कायद्यातही आलं आहे. एरवी आरोप करणाऱ्यानं पुरावा द्यायचा असतो, इथे उलट. काल विमानातून उतरलेल्या प्रवाशाच्या बाबतीत हे पटतं, कारण पासपोर्ट त्याच्याच खिशात असतो. पण जो कधी तालुक्याबाहेरही गेला नाही, त्यानं काय दाखवायचं?

इथे गाठ पडते १९५५ च्या नागरिकत्व कायद्याशी. तो अजून वेगळाच आहे आणि त्याला दुरुस्त्यांचे थर चढले आहेत. काही अपवाद सोडले, तर १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेल्याला जन्मच पुरतो. त्यानंतर जन्मलेल्याचे आई किंवा वडील भारतीय हवेत. ३ डिसेंबर २००४ पासून मात्र दोघंही भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. म्हणजे आजच्या मुलाचा प्रश्न आजीच्या ट्रंकेपर्यंत जातो.

आणि त्या ट्रंकेत काय सापडतं? जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. माझी आई त्याच्या कितीतरी आधी, घरीच जन्मली. शाळेच्या दाखल्यावर ती खतिजा, रेशनकार्डावर खदिजा, मतदार यादीत खातीजाबी. ती म्हणायची, “हाक मारली की मी येते, मग अक्षराचं काय एवढं?” सखुबाईची सकूबाई झालेली घरंही महाराष्ट्रात थोडी नाहीत.

अक्षराचं काय होतं, ते आसामनं पाहिलं. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी तिथली अंतिम नागरिक सूची जाहीर झाली आणि १९ लाख ६ हजार ६५७ माणसं यादीबाहेर राहिली. त्यात सर्व धर्मांची माणसं होती. जुलै २०२४ मध्ये आसामातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं दोन गोष्टी सांगितल्या. हाताशी काही आधार असल्याशिवाय कुणालाही विदेशी ठरवायला बोलावू नये; आणि नावाच्या स्पेलिंगमधल्या किरकोळ फरकावरून कुणाचं नागरिकत्व जाऊ नये.

माझं मागणं एवढंच आहे. न्यायालयानं सांगितलेलं हे शहाणपण कायद्याच्या मजकुरात स्वच्छ शब्दांत यावं. निकाल वकिलाला ठाऊक असतो. गावातल्या म्हातारीला आणि तिच्या दारात आलेल्या शिपायाला तो ठाऊक असतोच असं नाही. चार कायद्यांचा एक कायदा करताना कागद कमी झाले, हे चांगलंच झालं. आता माणसाच्या मनातली धास्तीही कमी व्हावी.



(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)