बादली हातात आली तेव्हा



पंधरा वर्षांपूर्वी शाळेच्या याच मैदानात मागच्या रांगेत बसून मी बक्षिसांची यादी ऐकली होती. त्यात माझं नाव नव्हतं. दहावी झाली, पण पुढे काय करायचं ते सुचत नव्हतं. त्या जूनमध्ये कोथरूडमधल्या आमच्या गल्लीत वृक्षारोपण झालं. अकरा रोपं, फोटो, चहा. मे उजाडेपर्यंत दहा वाळली. वाचलं ते एक ताम्हण, कारण तळमजल्यावरच्या आजी भाज्या धुतलेलं पाणी रोज त्याच्या बुंध्याशी ओतायच्या. पुढे त्यांचे गुडघे दुखायला लागले, तेव्हा त्यांनी बादली माझ्या हातात दिली. माझं काम तिथून सुरू झालं.

वाळलेली रोपं मी उपटून पाहिली. काहींची मुळं प्लॅस्टिकच्या पिशवीच्या आकारातच गोल गोल फिरली होती. पिशवी कुणी काढलीच नव्हती! आता रोप लावताना आम्ही ते वेटोळं आधी हाताने सोडवतो, आळं करतो, पालापाचोळा अंथरतो आणि तीन उन्हाळे पाणी घालतो. गुलमोहर मलाही आवडतो, पण तो मूळचा मादागास्करचा आणि वादळात त्याच्या फांद्या चटकन मोडतात. अरुंद गल्लीत मी ताम्हण, बहावा, कांचन लावतो. ताम्हण तर आपलं राज्यपुष्प.

माणसं सांभाळणं मात्र जास्त अवघड. एक काका चिडले होते, गाडीवर पाला पडतो म्हणून. त्यांचं चुकत नव्हतं. मी दर रविवारी त्यांच्या दारातला पाला झाडून खताच्या खड्ड्यात टाकू लागलो. दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांनीच नळाला पाइप जोडून दिला.

आत येताना फाटकाजवळची बकुळ पाहिली. आमच्या वेळी तिच्याभोवती माती होती, आता पेव्हर ब्लॉक थेट खोडाला भिडलेत. पाणी मुळांपर्यंत पोचणार कसं? राष्ट्रीय हरित लवादाने 2013 साली दिल्लीत झाडांभोवतीचं एक मीटर अंतरातलं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. आपल्याला तेवढीच जागा हवी आहे.

मुख्याध्यापिका बाईंची परवानगी घेतली आहे. गाडीत पहार आणि दोन घमेली आहेत. कार्यक्रम संपला की ज्यांना यायचंय त्यांनी फाटकापाशी यावं. कडेचा ब्लॉक आधी उचलायचा, आणि मुळाला पहार लागू द्यायची नाही.