मैत्रिणींच्या हातचं बी

आम्ही मंगळवेढ्याकडच्या दहा जणी आज तुमच्याशी बोलणार आहोत. माइकपुढं एकटीच बसलीय, पण बोलणं दहा जणींचं आहे. काय सांगायचं ते काल रात्री ओट्यावर बसून आम्ही मिळून ठरवलंय.

आमच्या बचत गटात आम्ही बारा जणी होतो. 2021 साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत दोघी गेल्या. थोरली पाडव्यानंतर आठवड्याभरात गेली. तिला आम्ही सगळ्या आक्का म्हणायचो. दुसरी गटातली सगळ्यात धाकटी, ती वैशाखात गेली. तेव्हा अंत्यविधीला वीसच माणसांची परवानगी होती. आम्हाला तोंडही बघायला मिळालं नाही. गाडी निघून गेली आणि आम्ही आपापल्या दारात उभ्या राहिलो. कुणी कुणाच्या गळ्यात पडून रडलंसुद्धा नाही.

अजून एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगायला आम्हाला लाज वाटते, पण सांगतो. धाकटीचे कर्जाचे दोन हप्ते थकले होते. शेवटच्या बैठकीत आम्ही तिला सगळ्यांसमोर बोललो. ती चहा न घेताच उठून गेली. पुढं बैठकाच बंद झाल्या, आणि महिन्याभरात ती गेली. ते बोलणं आमच्या छातीवर दगडासारखं बसलं होतं. पुढं बैठका सुरू झाल्या, पण हजेरी घेताना तिच्या नावाशी आलं की सगळ्या खाली बघायच्या. ना नाव खोडवत होतं, ना वाचवत होतं.

गटानं एक एकर रान वाट्यानं केलं होतं. त्या वर्षी ते पेरायला कुणाचंच मन होईना. सप्टेंबर सरत आला, पितृपंधरवडा चालू होता. अशात आक्काची सासू, पंचाहत्तरीची म्हातारी, डोक्यावर गाडगं घेऊन आली. त्यात राखेत आणि लिंबाच्या पाल्यात ठेवलेलं मालदांडीचं बी होतं. आधीच्या सुगीत आक्कानं स्वतः कणसं निवडून ते ठेवलं होतं. म्हातारी म्हणाली, "पोरींनो, सुनेनं ठेवलेल्या बियाचं काय लोणचं घालायचंय? रानातली ओल कुणाच्या दुखाला थांबत नाही."

आपल्या भागातली रब्बीची ज्वारी जमिनीत मुरलेल्या ओलीवर येते, तुम्हाला ठाऊकच आहे. ओल उडाली की हंगाम गेला. म्हणून उठलो. एकराला चार किलो बी लागतं, तेवढं गाडग्यात बरोबर निघालं. चाड्यावर मूठ धरायचं काम आक्काचं असायचं. त्या दिवशी आमच्यातल्या एकीनं ते धरलं, पण तिचा हात कापत होता. कुठं बी दाट पडलं, कुठं विरळ.

माघ सरता सरता काढणी लागली. भेगाळलेल्या काळ्या रानात एका ओळीत आम्ही दहा जणी ज्वारी उपटत निघालो. मधेच एक पट्टा लागला, तिथं ताटं इतकी दाट की कणसं बारकी राहिलेली. आम्ही थांबलो. कुणीतरी आक्काचा आवाज काढून म्हणालं, "अगं, पेरलंस का सांडलंस?" आणि हसू फुटलं. दहा महिन्यांत पहिल्यांदा आम्ही एकत्र हसलो. मग हसता हसता रडू आलं. पेंढ्या तशाच टाकून आम्ही बांधावर बसलो आणि पोटभर रडलो. जे दहाव्याला करायचं ते त्या बांधावर झालं.

त्याच बांधावर धाकटीनं लावलेला शेवगा होता. आखाडात नुसती फांदी खोचली होती तिनं. आता त्याला शेंगा लोंबत होत्या. तिच्या माघारी त्याला कुणी तांब्याभर पाणीही घातलं नव्हतं. दुपारी शेंगांची आमटी केली. जेवताना पहिल्यांदा तिचं नाव मोठ्यानं घेतलं आणि त्या बैठकीबद्दलही बोललो. चूक झाली, असं एकीनं म्हटलं. मग सगळ्यांनीच म्हटलं.

फाल्गुनात कणसं मोडली, मळणी झाली. पाच पोती ज्वारी आणि वर कडबा. वाटे दहा करायचे का बारा, यावर फार बोलावंच लागलं नाही. बारा केले. आक्काचा वाटा म्हातारीच्या घरी पोचवला, त्यातलं चार किलो बी मागून घेतलं. धाकटीच्या वाट्यातून तिचे हप्ते फेडले, उरलेलं तिच्या लेकरांना दिलं. वहीत तिच्या नावापुढं लिहिलं, "बाकी नाही." नाव खोडलं नाही.

मैत्रिणींनो, ज्या चैत्रात आमची माणसं जायला लागली, त्या चैत्राची आम्हाला भीती बसली होती. कोकिळा ओरडली तरी नको वाटायचं. 2022 चा पाडवा 2 एप्रिलला होता. पहाटे खळ्यावर गेलो तर लिंबाचा फुलोरा सगळीकडे सांडलेला, वास भरून राहिलेला. आदल्या वर्षीही लिंब असाच फुलला असणार. आमचं लक्षच नव्हतं. त्या दिवशी ओंजळभर फुलं गोळा केली, गूळ घातला आणि पहिला घास म्हातारीच्या हातावर ठेवला.

दुःख संपलं का? नाही संपलं. पण आता ते एकेकीच्या घरात कोंडलेलं नाही, दहा जणींत वाटलेलं आहे. म्हणून तुम्हाला एवढंच सांगणं आहे. तुमच्या गटातलं कुणी गेलं असेल तर तिच्या घरी जा, तिचं नाव घ्या. तिनं लावलेलं झाड, ठेवलेलं बी असेल तर ते सांभाळा. जी मागं राहिली आहे तिला "विसर आता" म्हणू नका. "चल रानात" म्हणा आणि बरोबर जा. आणि एखादीला झोप नाही, अन्न गोड लागत नाही, जगणं नको वाटतं असं ती म्हणत असेल, तर रानात नेणं पुरेसं नाही. तिला एकटं सोडू नका. आशाताईंना सांगा, दवाखान्यात न्या. टेली मानसचा 14416 हा नंबर रात्री-अपरात्रीसुद्धा लागतो, पैसे पडत नाहीत आणि आपल्या भाषेत बोलता येतं.

आमच्या गाडग्यात या वर्षीचंही बी राखेत ठेवलेलं आहे. आक्कानं सुरू केलेलंच ते. कुणाला पेरायला हवं असेल तर या, मूठभर देऊ. आणि चहा घेतल्याशिवाय जाऊ देणार नाही. राम राम.