श्रमिकाचा पाय आणि कामाचा जोडा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मजुरी, हमीभाव आणि कर्जमाफी या प्रश्नांवर चळवळीच्या व्यासपीठावरून पुष्कळ बोलले गेले आहे. श्रमिकाच्या पायांविषयी मात्र क्वचितच कोणी बोलले. 2018 च्या मार्चमध्ये हा विषय काही दिवस सर्वांच्या डोळ्यांपुढे आला. किसान सभेच्या नेतृत्वाखाली 6 मार्चला नाशिकहून निघालेले हजारो शेतकरी व आदिवासी सुमारे 180 किलोमीटर चालून मुंबईत पोहोचले, तेव्हा त्यांच्या फुटलेल्या तळव्यांची छायाचित्रे देशभर छापली गेली. मुंबईकरांनी अन्नपाण्याबरोबर चपलाही वाटल्या. त्या सहृदयतेचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु ते पाय त्या सहा दिवसांतच फुटले, ही समजूत भाबडी होती. ते वर्षानुवर्षे शेतात फुटतच होते. महामार्गावर आले म्हणून दिसले, एवढेच.

वाशिम जिल्ह्यात असे पाय पाहण्यासाठी मोर्चाची वाट पाहावी लागत नाही. रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत सोयाबीन, तूर आणि कपाशीची ही कोरडवाहू शेती. सोयाबीन सोंगून झाले की जमिनीत टोकदार खुंट उरतात. तुरीची धसकटे त्याहून चिवट असतात आणि पातळ रबरी चप्पल सहज भेदतात. पावसाळ्यात काळी माती चपलेला अशी धरते की पाऊल उचलणे कठीण होते. निंदणाला आलेल्या बाया म्हणूनच चपला धुऱ्यावर काढून ठेवतात आणि अनवाणी शेतात उतरतात. मग बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. उन्हाळ्यात त्याच टाचांना भेगा पडतात. सर्पदंश बहुतेक वेळा पावलावर किंवा पोटरीवर होतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये सर्पदंशाचा समावेश उपेक्षित रोगांच्या यादीत केला. उपेक्षा रोगाची झाली, कारण तो ज्यांना होतो त्यांची आधीच झालेली होती.

ही झाली अनवाणी श्रमिकांची कथा. जोडे घालून काम करणाऱ्यांचे दुखणे वेगळे आहे. बाजार समितीतील हमाल, दारावरचा रखवालदार, कापड दुकानातील विक्रेती, रुग्णालयातील परिचारिका यांच्यापैकी अनेकांची तक्रार एकच असते : सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टेकले की टाचेतून कळ निघते. दोष कामाच्या जोड्याचा आहे काय, असा प्रश्न ते विचारतात.

वैद्यकशास्त्राचे उत्तर असे की, जोड्याचा दोष असतो. पण तो एकटा दोषी क्वचितच असतो. पावलात 26 हाडे असतात आणि टाचेपासून बोटांपर्यंत एक चिवट पट्टा पावलाची कमान ताणून धरतो. तासन् तास कठीण फरशीवर उभे राहिल्याने, ओझे वाहिल्याने, वजन वाढल्याने त्या पट्ट्यावर ताण येतो. तळ झिजलेला किंवा कागदासारखा पातळ जोडा हा ताण वाढवतो. पुढे निमुळता जोडा कुरूप निर्माण करतो आणि अंगठ्याचा सांधा वाकवतो. मधुमेह्याच्या पायाची संवेदना गेली असेल तर जोड्याने झालेली जखम त्याला कळतही नाही, आणि ती चिघळून पाय गमावण्याची पाळी येते. कामाचे जोडे बहुधा पुरुषाच्या पावलाच्या साच्यावर बेतलेले असतात. स्त्रीला त्यातलाच लहान आकडा मिळतो. दिवसभराच्या कामाने पाय सुजतात, म्हणून जोड्याचे माप संध्याकाळी घ्यावे, एवढी साधी गोष्टही पाळली जात नाही.

परंतु उत्तम जोडा घालूनही जो माणूस दहा तास उभा राहतो, त्याची टाच दुखणारच. म्हणून जोड्याच्या प्रश्नामागे कामाच्या तासांचा आणि विसाव्याचा प्रश्न उभा आहे. उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय असावी, असे 1948 च्या कारखाना कायद्याच्या 44 व्या कलमात लिहिले होते. दुकानांतील विक्रेत्या स्त्रियांनी लढा दिला, तेव्हा कुठे 2018 मध्ये केरळने तो हक्क दुकानांपर्यंत नेला. 2021 मध्ये तमिळनाडूने त्याचे अनुकरण केले. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेत बसण्याच्या सोयीचा उल्लेख आहे. सुरक्षेसाठी दिलेल्या वस्तूचा खर्च कामगाराकडून वसूल करू नये, असेही तीत म्हटले आहे. जोड्याचे पैसे पगारातून कापले जात असतील, तर कार्यकर्त्याने या तरतुदीवर बोट ठेवावे.

शेतमजुराचे काय? 2005 चा केंद्रीय रोजगार हमी कायदा झाला, तेव्हा कामाच्या जागी पाणी, मुलांसाठी सावली आणि प्रथमोपचाराची पेटी यांची तरतूद झाली. दगडमातीत राबणाऱ्या पायांसाठी वहाणेची झाली नाही. 2017 मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास माणसे दगावली, तेव्हा हातमोजे आणि मुखवट्यांची चर्चा झाली. ओल्या कपाशीतून चालणाऱ्या उघड्या पायांची फारशी झाली नाही.

येथे दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, मजुराला जोडा दिला तरी तो घालत नाही. खरे आहे, पण का घालत नाही? गुडघ्यापर्यंतचा रबरी बूट सापापासून वाचवतो, तोच विदर्भाच्या उन्हात पाय उकडून काढतो. काळ्या मातीसाठी, या हवेसाठी, स्त्रीच्या पावलासाठी जोडा घडवण्याचे कष्टच कोणी घेतलेले नाहीत. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वाशिममधला मालक बहुधा स्वतःच चार-पाच एकरांचा कोरडवाहू शेतकरी असतो. त्याने हा खर्च कोठून करावा? त्याच्यावर तो लादणे म्हणजे एका गरिबाचे ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर देणे होय. यावर महाराष्ट्राजवळ स्वतःचेच उत्तर आहे. 1969 च्या माथाडी कायद्याने असंघटित हमालांसाठी मंडळे उभी केली. बांधकाम मजुरांच्या मंडळाकडून उपकराच्या पैशातून सुरक्षा जोडे दिले गेले. शेतमालाच्या व्यापारावर असाच भार टाकून शेतमजुरांसाठी मंडळ का उभे राहू नये?

जोडा हे औषध होऊ शकते, हे शासनाने पूर्वीच मान्य केले आहे. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायांसाठी मऊ रबराच्या चपला सरकारी कार्यक्रमातून मोफत दिल्या गेल्या. जे रुग्णाच्या पायाला लागू आहे, ते राबणाऱ्याच्या पायाला का नसावे? हे जोडे घडवण्यासाठी कारागीरही येथेच आहेत. चर्मकार समाजाच्या विकासासाठी राज्याने 1974 मध्ये महामंडळ स्थापन केले. त्याने गावोगावच्या कारागिरांकडून शेतीचा जोडा घडवून घ्यावा. वहाणेची जागा पायाशी, म्हणून ती शिवणाऱ्याचीही जागा पायाशी, असे ज्या समाजाने मानले, त्या समाजात हे काम सामाजिक न्यायाचेही ठरेल.

पुढच्या हंगामात मजुरीच्या दराची बोलणी करताना कार्यकर्त्यांनी मजुरांच्या पायांकडेही पाहावे. कोणाला कुरूप आहे, कोणाच्या टाचा फुटल्या आहेत, कोण लंगडत कामाला येते, याची गावनिहाय नोंद करावी आणि ती घेऊन तहसील कचेरीवर जावे. विळा-कोयत्याइतकेच पादत्राण हेही श्रमाचे साधन आहे, ही मागणी त्या नोंदीच्या बळावर उभी राहील.