बाळ कोठें आहे?

सकाळच्या प्रहरीं घाटकोपर अथवा अंधेरी स्टेशनाबाहेर घटकाभर उभें राहिलें, तर कामावर निघालेल्या स्त्रियांचा लोंढा दिसतो. त्यांतील कित्येकींचीं मुलें अजून पुरतीं चालूंही लागलेलीं नसतात. तीं दिवसभर कोठें असतात? पुष्कळदां उत्तर एकच: आठ-नऊ वर्षांच्या थोरल्या बहिणीच्या कडेवर. एका बाळाच्या रक्षणासाठीं दुसऱ्या बालिकेची शाळा बुडते, आणि हा खर्च कोणाच्याही हिशेबांत दिसत नाहीं.

मुंबईस हा प्रश्न नवा नव्हे. एके काळीं गिरणींत जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांस अफूची बाळगोळी देऊन निजवीत असत. त्या कांहीं निर्दय नव्हत्या. त्यांना दुसरा उपाय नव्हता.

उपाय करतां येतो, हें दुसऱ्या महायुद्धानें दाखविलें. इंग्लंडांत कारखान्यांना स्त्रियांची गरज भासतांच थोड्या वर्षांत चौदाशेंहून अधिक शिशुगृहें निघालीं. मुलांस जेवण, दूध आणि परिचारिकेची देखरेख मिळूं लागली. युद्ध संपलें, सरकारी अनुदान आटलें आणि त्यांतील पुष्कळ शिशुगृहें बंद पडलीं. मुलांची गरज संपली नव्हती. कारखान्यांची संपली होती.

आपल्या देशांत युद्धकाळीं नेमलेल्या भोर समितीनें १९४६ सालीं अहवाल दिला. १९३७ सालीं ब्रिटिश हिंदुस्थानांत जन्मलेल्या दर हजार मुलांपैकीं १६२ मुलें वर्षाच्या आंत दगावलीं, असें तींत नमूद आहे. पुढें १९४८ च्या कारखाना कायद्यानें पन्नासांहून अधिक स्त्रिया असतील तेथें पाळणाघर सक्तीचें केलें. १९७६ सालीं ही संख्या तीसवर आली. हेतु उत्तम होता, परंतु मोजणींत चूक होती. मूल जणूं आईचेंच, बापाचें नव्हे! तिसाव्या स्त्रीपाशीं भरती थांबविण्याचा मोह मालकास व्हावा, अशीच ही रचना होती. २०१७ सालीं प्रसूतिलाभ कायद्यांत दुरुस्ती झाली, तेव्हां स्त्री-पुरुष मिळून पन्नास नोकर ही अट आली.

तरीही उपनगरांतील आई या मोजणींतून निसटते. मुलुंड-भांडुपचे कित्येक कारखाने जाऊन तेथें उंच इमारती उभ्या राहिल्या. बोरिवलीची एखादी बाई चार घरीं धुणींभांडीं करिते. तिचे मालक म्हणजे आपणच; पण चार घरें मिळून पन्नास नोकर होत नाहींत.

मार्ग दाखविणारीं माणसें आपल्यांत झालीं आहेत. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ पासून बोर्डीस, मुलें जेथें असतील तेथें बालवाडी नेली. मीरा महादेवन यांनीं १९६९ सालीं दिल्लींत बांधकामाच्या जागींच पाळणाघर उघडलें; १९७२ सालीं तें कार्य मुंबईंत आलें. १९७५ पासून अंगणवाड्या सुरू झाल्या. मात्र अंगणवाडी कांहीं तासांची, आणि आईचा कामाचा दिवस आठ-दहा तासांचा.

पाळणाघर म्हणजे केवळ मुलें सांभाळण्याची खोली नव्हे. परिचारिका वस्तींत येते, तेव्हां आई कामावर असते आणि दाराला कुलूप असतें. पाळणाघरांत तिला वीस मुलें एकत्र भेटतात. कोणाचें वजन घटलें, कोणाची लस राहिली, कोणाच्या अंगावर गोवर दिसतो, हें तेथें एका सकाळींत कळतें. म्हणून हें काम दानशूरांच्या मर्जीवर किंवा मालकांच्या सोयीवर सोडणें योग्य नाहीं. पाण्याच्या नळाप्रमाणें वस्तीवस्तींत पाळणाघर असावें, तें आईच्या वेळेप्रमाणें उघडें राहावें, आणि त्याचा भार नगरानें उचलावा.

श्रोतेहो, तोंवर एक लहानशी गोष्ट आपल्या हातीं आहे. उद्यां सकाळीं आपल्या घरीं कामाची बाई आली, म्हणजे तिला विचारा, “बाळ कोठें आहे?” आणि उत्तर पुरतें ऐकून घ्या.