मर्यादा देहाची, दिशा आपली
(मंडळाच्या विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



'मर्यादा मान्य करा' हे शब्द आपल्या समाजाला रुचत नाहीत, आणि ते रास्तच आहे. पिढ्यान्‌पिढ्या जन्माची मर्यादा आपल्याला सांगितली गेली. ती नाकारली म्हणूनच आपण आज येथे आहोत. परंतु देहाची मर्यादा वेगळी. ती नाकारल्याने जात नाही. तिला पूर्वजन्मीच्या पापाचे फळ समजून कुढण्याचेही कारण नाही. ही कल्पना बुद्धाची नव्हे, हे बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात स्पष्ट केले आहे.

मग मान्य करणे म्हणजे काय? वेल्लोरच्या डॉ. मेरी वर्गीस यांचे उदाहरण पाहू. त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञ व्हायचे होते. १९५४ साली मोटार अपघातात कण्याला इजा होऊन कमरेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. तेव्हा डॉ. पॉल ब्रँड यांनी सुचविले, की कुष्ठरुग्णांच्या हातांवरील शस्त्रक्रिया बसून करता येतात. मेरीबाई चाकांच्या खुर्चीत बसून त्या करू लागल्या.

ही शस्त्रक्रियाही समजून घेण्यासारखी आहे. कुष्ठरोगाने मज्जातंतू निकामी झाले की हाताचे काही स्नायू लुळे पडतात, बोटे आकड्यासारखी वाकतात. तेव्हा शाबूत असलेल्या एखाद्या स्नायूचे दोरीसारखे टोक वळवून बोटांना जोडतात आणि व्यायामाने त्या स्नायूला नवे काम शिकवतात. आम्ही बँकेतली माणसे. आमच्या भाषेत सांगायचे तर गेलेली रक्कम खर्ची टाकून शिल्लक कामाला लावायची. मेरीबाईंनी रुग्णांच्या हातांबाबत जे केले, तेच स्वतःच्या आयुष्याबाबतही केले. पुढे पर्थ व न्यूयॉर्क येथे पुनर्वसनशास्त्र शिकून त्यांनी वेल्लोरला त्या विभागाची धुरा वाहिली. १९६६ मध्ये तेथे पुनर्वसन संस्था उभी राहिली. १९७२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

विद्यार्थी मित्रांनो, मर्यादा आपण ओळखावी. दुसऱ्याने ती डोळे झाकून ठरवू नये. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव ठेवल्या आहेत. केवळ अपंगत्वाच्या टक्केवारीवरून वैद्यकीय प्रवेश नाकारता येणार नाही, उमेदवार अभ्यासक्रम पुरा करू शकेल की नाही हे तपासलेच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितले. नकार देताना तपासणी मंडळाने कारणे नोंदविली पाहिजेत. म्हणून नकार आला तर मुकाट्याने घरी परतू नका. कारणे लेखी मागा.

आणि रुग्णसेवेची वाट एकच नाही. फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, समुपदेशन ही कामेही तितकीच मोलाची आहेत. मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय पुनर्वसन संस्थेत कृत्रिम अवयवनिर्मितीचे शिक्षण मिळते. स्वतः वेदना सोसलेल्या माणसाला रुग्णाची वेदना लवकर कळते.

वृद्ध आणि आजारी नकुलपित्याला तथागतांनी हीच शिकवण दिली होती, की देह आजारी असला तरी चित्त आजारी होऊ देऊ नये. आपल्या वस्तीतील एकही मुलगा वा मुलगी देहाच्या उणिवेमुळे घरी बसून राहू नये, ही जबाबदारी मंडळाने आणि आपण सर्वांनी उचलावी, एवढीच विनंती.

जयभीम!