निवाडा कादंबरीचा करा, त्या पोराचा नको



वाचक मेळाव्याच्या अध्यक्षानं समारोप करताना सगळ्यांचं थोडंथोडं खरं म्हणावं, अशी आपल्याकडे रीत आहे. आज ती मला पाळता येणार नाही. सकाळच्या परिसंवादात मेरी रेनॉल्ट यांच्या ‘द चॅरिओटियर’ या कादंबरीवर जी मतं मांडली गेली, त्यांतली निम्मीअधिक कादंबरीबद्दल नव्हतीच, ती तिच्यातल्या पोराबद्दल होती. तो असा का, त्यानं असं असावं का, घरात त्याचं नाव काढावं का. याला मी वाचकाचं मत मानत नाही. हा निवाडा आहे, आणि तोही समोरच्याचं म्हणणं न ऐकता दिलेला.

ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साल 1940. डंकर्कच्या माघारीत गुडघा जायबंदी झालेला लॉरी हा तरुण शिपाई इंग्लंडमधल्या लष्करी इस्पितळात पडून आहे. त्याला पुरुषाची ओढ आहे आणि त्या ओढीचं काय करायचं, हे त्याला उमगत नाही. त्याच इस्पितळात अँड्र्यू हमालीची कामं करतो. क्वेकर संस्कारांतला हा मुलगा शस्त्र धरायला नकार देऊन इथं राबायला आला आहे. जखमी शिपाई आधी त्याचा राग राग करतात. लॉरीचा जीव मात्र त्याच्यावर जडतो. तिसरा राल्फ, लॉरीच्या शाळेतला मोठा विद्यार्थी. शाळेतून काढून टाकल्यावर जाताना त्यानं लॉरीला प्लेटोचं एक पुस्तक दिलं होतं, ते लॉरीनं अजून जपलं आहे. रेनॉल्ट स्वतः त्या युद्धात परिचारिका होत्या. जखमी माणसाची चिडचिड, दुखरा पाय, रात्रीच्या वॉर्डातली कुजबुज हे सगळं त्यांनी जवळून पाहिलेलं आहे आणि पानापानांत ते जाणवतं.

आता तुमची मतं घेतो.

पहिलं मत असं की, हे परकं आहे, आपल्याकडचं नाही. हे वर्ध्यात बसून म्हणता? 17 ऑक्टोबर 1940 ला इथून हाकेच्या अंतरावर, पवनारला, विनोबांनी युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला आणि ते तुरुंगात गेले. युद्धाला नाही म्हणणारा अँड्र्यू जगात कुणाला कळायचा असेल, तर तो या जिल्ह्यातल्या वाचकाला आधी कळायला हवा. राहिली लॉरीची गोष्ट. 1927 साली र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढलं, तेव्हा मराठी वाचकच त्यांना असले प्रश्न पत्रातून विचारत होते. त्या प्रश्नोत्तरांवरून 1934 साली खटला झाला, तेव्हा कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक प्रश्नावर लिहिलेलं सगळंच अश्लील ठरत नाही, ही बाजू त्यांनी कोर्टात लढवली. खटला ते हरले, कर्व्यांना दंड झाला, पण बाजू मांडली गेली. पुढे 1981 साली तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ हे समलिंगी ओढीवरचं नाटक रंगमंचावर आलं, 2006 साली सचिन कुंडलकरांची त्याच विषयावरची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी आली. इतकं घडून गेल्यावर ‘आपल्याकडचं नाही’ म्हणणाऱ्यानं मराठी वाचलेलं नाही, एवढंच सिद्ध होतं.

दुसरं मत मला अधिक लागलं. देशावर युद्ध आलं असताना असल्या प्रेमाच्या गोष्टी कशाला? अहो, मग विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ काय आहे? 1939 ची ती कादंबरी. युद्धाच्या तोंडावर बोटीवर भेटलेले चक्रधर आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू हॅर्टा तुम्हाला चालतात, तुम्ही त्यांच्यासाठी हळहळता. मग लॉरीच्या वेळीच देश आठवतो कसा? या जिल्ह्यानं गोळीबार पाहिला आहे, 1942 चं आष्टी आपण विसरलेलो नाही. पुलगावच्या दारूगोळा भांडारात 2016 साली आग लागली, तेव्हा किती घरांत रडारड झाली, हेही तुम्ही पाहिलं आहे. लढाई माणूस अख्खा मागते. त्याचं मन तेवढं सोयीचं असावं, ही अट मरणाऱ्याला घालायचा अधिकार कुणाला आहे? 2022 साली समलिंगी लष्करी अधिकाऱ्यावरच्या सिनेमाच्या पटकथेला संरक्षण मंत्रालयानं ना हरकत दाखला दिला नाही. दिग्दर्शक ओनीर यांनी तो मागितला होता. सरकार दाखला नाकारू शकतं. वाचकानं त्या रांगेत उभं राहू नये.

तिसरं मत अश्लीलतेचं. एका भगिनीनं आपली प्रत मला दाखवली, मुखपृष्ठावर वर्तमानपत्राचं वेष्टण घातलेलं. तिच्यावर राग नाही, ज्या घरात तिला ते घालावं लागतं त्या घरावर आहे. कारण आत लपवण्यासारखं काहीही नाही. बाई इतक्या संयमानं लिहितात की, कित्येक ठिकाणी काय घडलं ते कळायला पान पुन्हा वाचावं लागतं. पुस्तक 1953 चं. तेव्हा इंग्लंडमध्ये असं प्रेम गुन्हा होतं आणि 1967 पर्यंत गुन्हाच राहिलं. अमेरिकेत ही कादंबरी निघायला 1959 उजाडलं. आपल्याकडे 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयानं गुन्ह्याचं ते ओझं उतरवलं. आणि 1969 साली याच वर्ध्यातल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष कोण होते? शृंगाराची कविता ताठ मानेनं लिहिणारे पु. शि. रेगे. तो वारसा सांगायचा आणि पुस्तकाला कागद गुंडाळायला लावायचा, हे जमणार नाही.

कौतुक करणाऱ्यांनाही मी सोडणार नाही. ‘धाडसी विषय’ म्हणून टाळ्या वाजवणं हीसुद्धा न वाचण्याचीच रीत आहे. या कादंबरीत दोष आहेत. बायकी हावभावांच्या पुरुषांबद्दल लेखिकेला आस्था नाही. पार्टीच्या प्रसंगात ती त्यांना हिणवते आणि लॉरीला त्यांच्याहून वरचढ ठरवते. ज्यांना समाज आधीच हिणवतो, त्यांना त्यांच्याच गोष्टीत पुन्हा हिणवलं जातं. हा खरा आक्षेप आहे आणि सकाळपासून तो एकानंही घेतला नाही, ना निषेध करणाऱ्यांनी, ना कौतुक करणाऱ्यांनी. कारण तो घ्यायला पुस्तक शेवटपर्यंत वाचावं लागतं.

म्हणून माझं मागणं सरळ आहे. ग्रंथपालांनो, अशी पुस्तकं कपाटात कुलूपबंद ठेवू नका, मांडणीवर ठेवा. शिक्षकांनो, एखाद्या विद्यार्थ्यानं हे पुस्तक मागितलं तर त्याला कारण विचारू नका. तरुण लेखकांनो, आष्टीच्या, पुलगावच्या मातीतला असा पोरगा मराठी कादंबरीत आणा, आणि चांगला लिहून आणा, विषयाच्या जिवावर तरून जाऊ नका. आणि वाचकांनो, वाचून पुस्तक नावडलं तर पुढच्या मेळाव्यात उभे राहा आणि पानाचा आकडा देऊन सांगा. मी समोर बसून ऐकेन आणि पटलं तर मान्य करेन.