गणतीबाहेरचा नगराभ्यासक



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांच्या नावावर एकही शोधनिबंध नाही. हे मी मुद्दाम आरंभीच सांगतो. कारण मला आज विद्वत्तेच्या मोजमापाविषयी बोलावयाचे आहे, आणि त्यासाठी आपल्या इंदूरशी निगडित असलेल्या एका नगराभ्यासकाचे स्मरण करावयाचे आहे.

पॅट्रिक गेडिस मूळचे स्कॉटलंडचे वनस्पतिशास्त्रज्ञ. जन्म १८५४ चा. विद्यापीठाची पदवी त्यांनी घेतली नाही, तरी १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्राचा नवा विभाग त्यांच्या हाती सोपविला. १९१४ मध्ये ते नगररचनेचे प्रदर्शन घेऊन भारतात यावयास निघाले, तेव्हा साहित्याचे जहाज जर्मन युद्धनौका एम्डेनने बुडविले. गृहस्थ खचले नाहीत. नवे साहित्य जमवून प्रदर्शन भरविलेच!

होळकर दरबारासाठी लिहिलेला त्यांचा इंदूरविषयक अहवाल १९१८ मध्ये दोन भागांत याच शहरात छापला गेला. जुन्या वस्तीतून सरळ, रुंद रस्ता काढावयाचा आणि वाटेतील घरे पाडावयाची, ही त्या काळची अभियंत्यांची रीत. गेडिस गल्लीबोळांतून पायी हिंडत. मोडकळीस आलेली मोजकी घरे काढावीत, तेथे लहानसा चौक करावा, झाड लावावे, जुनी विहीर बुजवू नये, असा त्यांचा आग्रह. या पद्धतीला त्यांनी जतन करणारी शस्त्रक्रिया म्हटले. प्लेगच्या भयाने ग्रासलेल्या या नगरात १९१७ च्या दिवाळीत त्यांनी मिरवणूक काढविली. तिचा मार्ग नेहमीचा नव्हता. ज्या रस्त्यांवरची घरे अधिक झाडलेली, दुरुस्त केलेली, तिकडून ती जावयाची होती. मग काय, शहरभर झाडू फिरले.

आता हे मोजावे कसे? यूजीन गारफील्ड यांची विज्ञानातील उद्धरणसूची १९६४ मध्ये निघाली, सामाजिक शास्त्रांची १९७३ मध्ये. २००५ मध्ये हिर्श यांनी निर्देशांक सुचविला : ज्याच्या दहा निबंधांना प्रत्येकी निदान दहा उद्धरणे मिळाली, त्याचा अंक दहा. सोय मोठी आहे, हे मी नाकारीत नाही. ओळखीपाळखीने होणाऱ्या नेमणुकांपेक्षा आकडा पुष्कळ बरा. परंतु त्याला स्तुती आणि खंडन यांतला भेद कळत नाही. जेन जेकब्स यांनी १९६१ च्या आपल्या ग्रंथात गेडिस यांच्यावर टीका केली. सूचीच्या हिशेबी तेही एक उद्धरणच. उलट, लगत वाढून एकजीव झालेल्या शहरांसाठी ‘कॉनर्बेशन’ हा शब्द गेडिस यांनी १९१५ च्या ग्रंथात घडविला, आणि तो इतका रुळला की वापरणाऱ्याला कर्त्याचे नाव देण्याची गरजच वाटेनाशी झाली. रॉबर्ट मर्टन यांनी याला समावेशातून होणारा विलोप म्हटले आहे. कल्पना पूर्ण यशस्वी झाली की उद्धरण थांबते!

आणि माणसांचे काय? मुंबईत गेडिस यांच्याकडे संस्कृतचे एक विद्यार्थी आले, ते मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये. घुर्यांच्या हाताखाली इरावती कर्वे घडल्या, एम. एन. श्रीनिवास घडले. भारतातील गेडिस यांच्या अहवालांतील निवडक भाग मात्र जॅकलिन टिर्‌व्हिट यांनी संपादित करून प्रसिद्ध केले ते १९४७ मध्ये, म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी.

हे सारे मला ठाऊक होते, तरीही माझ्या हातून एक अपराध घडला. अनुदान आयोगाची २०१० ची गुणांकपद्धती आली, त्यानंतरच्या वर्षी मी एका निवड समितीवर होतो. एका उमेदवाराने आपल्या कसब्यातील गल्ल्यांची व विहिरींची नावे, त्यांमागील कथांसह, दहा वर्षे हिंडून जमविली होती. पुस्तक मराठीत, स्वखर्चाने छापलेले. कोष्टकात त्याला गुण बसेनात. मी बेरीज केली, सही केली. बाहेर पडताना त्याने पुस्तक माझ्या हाती ठेवले. परत मागितले नाही.

ते मी पुढे वाचले. दोनदा वाचले. कसब्यातील बुजलेल्या विहिरींचा हाताने काढलेला नकाशा त्याच्या शेवटी आहे. पुस्तक आज मी सोबत आणले आहे. मुख्याध्यापकांनी ते शाळेच्या ग्रंथालयात दाखल करून घ्यावे, एवढी विनंती.